पिवळे ठिपके मोजणारी शाहीन

सोमवारी सकाळी लॅबचा फोन वाजला तेव्हा मी नमुन्यांच्या काचा धूत होते. चामोर्शीहून शाहीनचा भाऊ बोलत होता. “मंदाबाई, आपा गेली.” चंद्रपूरहून एसटीने मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिला शेवटचं बघायचं राहून गेलं... आणि मनातल्या मनात मला सुटल्यासारखं वाटलं, हेही इथे लिहायला हवं.

शाहीन आमच्याकडे आली ती दोन हजार सालाच्या आसपास. वडिलांचं चामोर्शीच्या बाजारात बांगड्यांचं दुकान, ही बीएस्सी झालेली. लॅबच्या डॉक्टरांनी नुकताच एक महागडा सूक्ष्मदर्शक आणला होता. आमचं काम थोडक्यात असं : प्रोब म्हणजे रंग लावलेला डीएनएचा तुकडा. तो पेशीतल्या ठरावीक जनुकाला जाऊन चिकटतो आणि अंधारात चमकतो. निरोगी पेशीत दोन लाल ठिपके, दोन हिरवे, सगळे वेगवेगळे. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये ही दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली जातात. मग लाल आणि हिरवा एकत्र येऊन पिवळा दिसतो. अशा दोनशे पेशी मोजायच्या. माझे डोळे शंभरातच चुरचुरायचे. शाहीन दोनशे संपवून म्हणायची, “अजून आहेत काय?”

प्रोबची नवी बाटली आली की ती आधी निरोगी माणसाच्या रक्तावर तपासावी लागते. “बाई, द्या हात,” शाहीन म्हणाली. मला सुईची भारी भीती. मी चहाचं निमित्त काढून सटकले. तिने हसत स्वतःचंच रक्त काढून घेतलं. त्या काचेवर पिवळे ठिपके निघाले. थोडेच, पण निघायला नको होते. डॉक्टर कंपनीवर चिडले, बाटली परत गेली. दुसरी आली, पुन्हा तिचंच रक्त, पुन्हा पिवळे. तीही परत गेली. तीन महिने आम्ही प्रोबला शिव्या देत होतो. वजन उतरलेली, जिना चढताना धापा टाकणारी शाहीन त्या शिव्यांत सामील होती.

तिसऱ्या बाटलीच्या वेळी तिने माझा हात सरळ धरलाच. “बसा गुपचूप. मुंगी चावल्यासारखं होते.” दोन दिवसांनी अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघी शेजारी बसलो. तिने माझी काच मोजली, मग तिची, मग परत माझी. माझ्या काचेवर एकही पिवळा नव्हता, तिच्या काचेवर होते.

“बाई, प्रोब चांगला आहे,” ती म्हणाली.

मी दिवा लावायला उठले. “नका लावू,” ती म्हणाली. “थोडं बसू द्या मले.”

पहिल्याच वेळी मी हात पुढे केला असता तर? डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांच्या उशिराने काही बिघडलं नाही. ते खरंही असेल.

त्या कॅन्सरवर तेव्हा नवी गोळी निघाली होती आणि तिला ती मिळाली. दीड वर्ष गोळीने कमाल केली. दर तीन महिन्यांनी पिवळे कमी होत गेले. स्वतःची काच ती स्वतःच मोजायची. डॉक्टर रागावले तर म्हणाली, “काऊन? मंदाबाईले देऊ? त्या शंभरावर डोळे चोळतात.” एकदा पिवळे मोजून दोन निघाले, तेव्हा तिने सगळ्यांना जिलबी खाऊ घातली. मग लग्न ठरलं. पिवळे परत वाढले. गोळी तीच, पण आजार तिला जुमानेना. मुलाकडच्यांनी विचारलं, “हे लागट तर नाई ना?” नाही म्हणून सांगूनही ते पुन्हा आले नाहीत.

शेवटच्या आठवड्यात ती इथे चंद्रपूरच्या दवाखान्यात होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी डॉक्टरांनी तिच्या कमरेच्या हाडातली मज्जा काढली. मी पाय धरले होते. ती ओरडली, तरी मी सोडले नाहीत. तिला वाटलं, रिपोर्टसाठी. पण रिपोर्ट कुणाला हवा होता? जवळजवळ प्रत्येक पेशी पिवळी. नवा प्रोब पिवळे दाखवतो की नाही हे पडताळायला असा नमुना पुन्हा कैक वर्षं मिळाला नसता. बारा छोट्या नळ्या भरून फ्रीजरमध्ये गेल्या. त्या मीच भरल्या.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, “बाई, रिपोर्ट काय आला?”

“यायचा आहे.”

या कामाला दोनच दिवस लागतात, हे मला तिनेच शिकवलं होतं. तिने तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही; दोन दिवसांनी भाऊ तिला चामोर्शीला घेऊन गेला.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी चामोर्शीला गेले. तिचा ॲप्रन नेला होता, धुऊन, इस्त्री करून. तिच्या अम्मीने तो मांडीवर घेतला, खिसे चाचपले.

“अजून काई राह्यलं काय तिचं तुमच्या इथी?”

“नाही अम्मी.”

“काई राह्यलं असलं तर सांगा, बाई. मातीत ठेवून येईन. माणूस पुरा जावा लागते.” त्यांनी माझा हात धरला. “गेली ना माझी शाहीन पुरी?”

“हो,” मी म्हणाले. “पुरी गेली.”

गेल्या आठवड्यात कुरखेड्याच्या एका बाईचा नमुना आला, त्याच दिवशी प्रोबची नवी बाटलीही. मी फ्रीजर उघडला. नळ्यांवर नाव घालायची पद्धत नाही. आता अकरा आहेत.