वसुमतीबाईंना चावणारे बूट

वसुमतीबाई धावू लागल्या त्याला कारण त्यांचे यजमान. सदाशिवरावांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालणं म्हणजे सदाशिवरावांना शिक्षाच. त्यांना लाज वाटावी म्हणून बाई सोबत निघाल्या. आठवडाभरात यजमान पुन्हा खुर्चीत जाऊन बसले, आणि बाई चालता चालता कधी धावू लागल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. साडी जाऊन सलवार आली. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत कुजबुज झाली. जन्मभर कॉलेजात पोरांना गणित शिकवलेल्या बाईला कुजबुजीचं काय कौतुक!

पोंगलनंतर तंजावूर ते तिरुवैयारु अशी दौड होती. बाईंनी हौसेनं नाव घातलं. पण चपला घालणाऱ्याला तिथे धावू देत नव्हते, आणि बूट काही केल्या पायाला मानवेनात.

दुकानदार गणेशकुमार भला माणूस. त्यानं बाईंच्या जुन्या चपला उलट्या करून कुठे झिजल्यात ते पाहिलं, त्यांना कोपऱ्यापर्यंत धावायला लावलं आणि तमिळमध्ये सांगितलं, "अम्मा, तुमची टाच बाहेरच्या कडेवर पडते." त्याप्रमाणे बूट दिले. टाच छान बसली, पण पुढे बोटांची आग झाली. एक नंबर मोठा घेतला, तर टाच बाहेर येऊ लागली. शेवटी पुरुषांचे रुंद बूट आणले. त्यांत बाईंचा पाय होडीत बसल्यासारखा डोलत होता, आणि तरी बोटं दुखायची ती दुखतच होती. गणेशकुमार हैराण झाला. बिचाऱ्याला बाईंचं उघडं पाऊल कधी दिसलंच नाही. परक्या पुरुषाच्या हातात उघडा पाय कसा द्यायचा, म्हणून बाई घरूनच मोजे चढवून जायच्या.

एका सकाळी बाई पाय चोळत बसल्या होत्या. सदाशिवरावांनी सहज बुटात हात घातला आणि आतलं अस्तर चाचपलं.

"वसू, इथं खळगा पडलाय. दोन्ही बुटांत, एकाच जागी."

मग त्यांनी बायकोच्या पायाकडे पाहिलं. "अगं, तुझी जोडवी!"

बाई थक्क झाल्या. चांदीची चांगली जाडजूड जोडवी, लग्नापासून बोटांतून निघाली नव्हती. ती पायात आहेत हेच त्या विसरल्या होत्या. बोट असावं तशी ती असायची.

"काढ की मग," सदाशिवराव म्हणाले.

"तुम्ही असताना?" बाईंचा आवाजच बदलला. "असं बोलू नका. मज ती दौड नको."

आणि त्यांना खरंच नको झाली. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर त्या वाकून जोडव्यांना बोट लावून बसल्या होत्या, प्रार्थनेचा एक शब्द आठवत नव्हता. गणित शिकवलेल्या बाईला त्यात काही तथ्य नाही हे कळत होतं. कळून भीती जात नाही. बूट खाटेखाली गेले, बाईंचं धावणं बंद झालं. 

सदाशिवरावांना ते बघवेना. एक दिवस ते खोबरेल तेलाची वाटी घेऊन आले आणि कण्हत कण्हत जमिनीवर बसले.

"पाय पुढं कर."

"नको म्हटलं ना."

"मांडवात कोणी घातली? मीच ना? मग मीच काढतो. दौडीहून आलीस की पुन्हा मीच घालतो. तोवर मज काही होत नाही, काळजी नको."

तेलानं जोडवी हळूहळू सरकली. खाली पांढरी, कोवळी कातडी होती. बाई रडल्या, अगदी लहान मुलीसारख्या. मग डोळे पुसून दुकानात गेल्या आणि त्यांनी पहिला जोड पुन्हा मागितला. तो असा बसला की गणेशकुमारला आपल्याच दुकानाचं नवल वाटलं.

दौडीच्या दिवशी सदाशिवराव बसनं पुढे गेले. कावेरीच्या घाटावर सावलीत खुर्ची टाकून बसायचं, असं ठरलं होतं. बाई धावत होत्या, भाताची शेतं मागे पडत होती. पाय अगदी मजेत होते. मन मात्र प्रत्येक पावलाला उघड्या बोटांपाशी जात होतं. तिथे त्यांना काही झालं तर? आत्ता, या क्षणी?

घाटाच्या अलीकडे कुडमुरुट्टी नदीच्या पुलावर समोरून एक धोतरवाले गृहस्थ येताना दिसले. घामाघूम, एका हातात छत्री, धावणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे निरखून पाहत होते.

बाई थबकल्या. "घाटापासून चालत आलात? एवढं?"

"तू येईनास. मज बसवेना." सदाशिवरावांना धाप लागली होती, पण चेहरा खुलला होता. "तू थांबू नकोस. धाव. मी येतो मागून."

बाई धावल्या. पूल संपताना त्यांनी वळून पाहिलं. यजमान छत्री उघडून चालतच होते.