मारुतीच्या रुईवरची अंडी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी एक फुलपाखरू निवडलं. केशरी, काळ्या काठाचं, रुईवर अंडी घालणारं. थंडीत त्याचं शेवटचं अंडं कधी दिसतं आणि थंडी सरताना पहिलं कधी, एवढ्या दोनच तारखा हव्या होत्या. सोपं वाटलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे खरंच सोपं आहे का, हे विचारायला कुणी नव्हतं.

अंबडला आमच्या कॉलनीमागे मोकळ्या प्लॉटवर रुईची तीन झाडं आहेत. डिसेंबरात रोज दुपारी मी तिथली पानं उलटून बघायचे. शुक्रवारी कोवळ्या पानांखाली टाचणीच्या डोक्याएवढी चार अंडी दिसायची, शनिवारी पानंच गायब. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालतात हे मला लहानपणापासून माहीत, तरी डोक्यात शिरायला दोन आठवडे गेले. आता अंडी थंडीने संपली की मारुतीकडे गेली, हे वहीत कसं लिहायचं? त्यात पानं तोडणारे माझेच वडील. माझी परीक्षा नीट जावी म्हणून ते शनिवार करत होते. त्यांना नको कसं म्हणणार?

फाटकं पान माळेत चालत नाही. म्हणून मी अंड्यांच्या पानांना सेफ्टी पिनने भोकं पाडली. वडील वैतागून परत आले.

"कुणीतरी पानं भोसकून ठेवलीत. देवाच्या पानाला बी सोडत नाय लोकं."

"मीच," मी म्हटलं, आणि सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे तीन वर्षं शिकून तू अंडी मोजती?" मग चप्पल काढता काढता, "आधी बोलली असती तर नाल्याकडची आणली असती. तोंड कशाला दिलंय?"

जानेवारीत तिन्ही झाडांवर काहीच नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, प्रॅक्टिकल चालू असताना वडिलांचा फोन. "नाल्याकडं एक हाय. पानाखाली. तोडलं नाय. तारीख लिहून घे."

प्रॅक्टिकल संपवून मी धावत पोहोचले, तोवर दुसऱ्याच कुणीतरी ते पान नेलं होतं. माझ्या झाडांवर पहिलं अंडं आठ दिवसांनी दिसलं. दोनपैकी कुठली तारीख लिहायची यावर मी रडकुंडीला आले. शेवटी वडिलांची लिहिली, पुढे 'वडिलांनी पाहिलं' असंही.

प्रकल्प तपासताना सरांनी तिथेच बोट ठेवलं. "वडील कुठल्या विषयाचे?"

"कंपनीत लेथवर असतात, सर."

"मग त्यांना अंडं ओळखता आलं कसं?"

"दोन महिने पान उलटून बघूनच तोडतात, सर."

मी पिनच्या भोकांपासून सगळं सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, "मग हे सगळं कार्यपद्धतीत यायला हवं. नाल्याकडचं झाड, वडील, तुझी पिनची भोकंसुद्धा. सोमवारपर्यंत."

म्हणजे अख्खं प्रकरण पुन्हा टाइप करणं आलं.