बावन्नावा दगड

आमचा रंगारी तसा गरीब माणूस; पण साडूचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायचं. दोघं एकाच खात्यात, एकाच राज्य महामार्गावर. गिरण्यांच्या शहरापासून नदीकाठच्या शहरापर्यंत चौऱ्याऐंशी किलोमीटर. अलीकडचे बेचाळीस दगड रंगाऱ्याचे, पलीकडचे साडूचे. दरवर्षी दगडाला पांढरा हात द्यायचा आणि दोन्ही बाजूंना काळ्या रंगात पुढच्या शहराचं नाव नि अंतर घालायचं.

खरं सांगतो, अक्षर रंगाऱ्याचंच देखणं. साडूची अक्षरं म्हणजे बस सुटल्यावर धावणारी माणसं, एक पुढे तर एक मागे. पण रंगाऱ्याचे दगड पडले झुडपांत, वाचायला शेळ्या. आणि साडूचा बावन्नावा नेमका खाणावळीसमोर, जिथे प्रत्येक बस वीस मिनिटं थांबते!

“ताई सांगत होती, भावजींच्या दगडापाशी लोक फोटो काढतात,” बायको वाढता वाढता म्हणाली.

“पुरावा म्हणून काढत असतील.”

“जळा तुम्ही!”

“जळतंय कोण? मी आपलं म्हटलं.”

सोमवारी खाणावळ बंद आणि साडूचीही सुट्टी. आमचा रंगारी ब्रश घेऊन तिथे हजर! जुनी अक्षरं खरवडली, तीन तास खपून नवी काढली. अशी, की बघत राहावं.

पण एक घोटाळा झाला. अलीकडचे दगड रस्त्याच्या डाव्या हाताला, पलीकडचे उजव्या. बत्तीस वर्षांची सवय: दगडासमोर बसलं की डाव्या बाजूवर नदीकाठच्या शहराचं नाव घालायचं, उजव्या बाजूवर गिरण्यांच्या. इथे सगळं उलटं झालं.

मंगळवारी नदीकाठच्या शहराहून आलेली बस थांबली. दगडावर लिहिलेलं, तेच शहर पुढे बत्तीस किलोमीटर! एक आजी ड्रायव्हरला म्हणाल्या, “मेल्या, तासभर गोल फिरवलंस की काय?” एक गृहस्थ तर घाबरून उलट दिशेच्या बसमध्ये चढले. (हे खाणावळवाल्याने सांगितलं, आणि तो तिखटमीठ लावल्याशिवाय काही देत नाही.)

खात्याचा मुकादम आला. साडूला बोलावलं. कौतुक ऐकायला रंगारीही गर्दीत उभा होताच.

“हे तुझं काम?” मुकादम कडाडला.

साडूने दगडाभोवती एक फेरी मारली. तेवढ्यात खाणावळवाला म्हणाला, “चुकलं असेल हो, पण अक्षर बघा! हात सुधारला की तुमचा!”

गर्दीतून “वा, वा” झालं. साडूने छाती जरा पुढे काढली. “हो, या खेपेला मन लावून केलं.”

गप्प राहिला असता तर रंगारी सुटला होता. पण शिव्या साडूने खाल्लेल्या त्याला चालल्या असत्या, वाहवा नाही.

“याच्या बापजन्मात असा दोन आला नाही! मी काढलाय तो!”

मुकादमाने सगळ्यांसमोर खरवडणी त्याच्याच हातात दिली. रंगारी गुडघ्यावर बसला. शेजारी साडू ब्रश घेऊन टेकला आणि हळूच म्हणाला, “साडूभाऊ, त्या दोनाची शेपटी कशी वळवलीत, जरा सांगता?”

रंगाऱ्याने आधी शेपटीच खरवडली.