दोन कुलपांची पेटी

शुभा तोरसकर बाईंनी बोरीवलीच्या एका शाळेत बावीस वर्षं शिवण शिकवलं. मग शिवणाचा तास बंद झाला आणि संस्थेने त्यांना कॉम्प्युटर दिला. म्हणजे विषय दिला. मशीन दहा, त्यातली चालू तीन. बाई कुरकुरल्या नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत पुतणीला पकडून अख्खं पुस्तक घोटलं.

नववीला एन्क्रिप्शन आलं, म्हणजे निरोप कुलूपबंद करून धाडणं. व्याख्या वाचताना बाईंनाच जांभई आली. दुसऱ्या दिवशी त्या माळ्यावरची पत्र्याची पेटी आणि दोन कुलपं घेऊन वर्गात हजर. गोंगाट ऐकून सुपरवायझर शिवदास सर आत डोकावले, तर बाईंनी त्यांनाच चोर केलं.

"सर, पेटी तुम्ही पोचवायची. वाटेत उघडता आली तर चिठ्ठी तुमची."

मीराने चिठ्ठी टाकून आपलं कुलूप लावलं. सरांनी पेटी शेवटच्या बाकावर अक्षताकडे नेली. तिच्याकडे मीराची किल्ली कुठून असणार? तिने त्याच कडीत आपलंही कुलूप अडकवून पेटी परत धाडली. मीराने स्वतःचं काढून घेतलं. पेटी पुन्हा निघाली, आता फक्त अक्षताच्या कुलपात.

"बघा, किल्ली कुणाचीच जागची हलली नाही," बाई म्हणाल्या. "चोराचा नुसता हमाल झाला."

वर्ग खिदळला. सरांना ते झोंबलं. त्यांनी तिथेच फतकल मारली, कुणाचं तरी कर्कटक उचललं आणि मागच्या बिजागरीचे स्क्रू काढले. चिठ्ठी खणखणीत आवाजात वाचली, "सर चोर म्हणून फार शोभतात."

मीरा बाकाखाली गेली. सर आधी लाल झाले, मग स्वतःच फिसकन हसले.

"बाई, वाट लागली ना एन्क्रिप्शनची!" अक्षता ओरडली.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पेटी उलटीसुलटी करून पाहिली.

"कुलूप तुटलंय का? नाही. पेटीच भिकार निघाली. मेसेजला आकड्यांचं कुलूप असतं, वाटेत कुणी वाचू शकत नाही. पण मोबाईल उघडा टाकून तू वडापाव आणायला गेलीस, तर ते कुलूप काय करणार?"

मधल्या सुट्टीत सर हळूच बाईंजवळ आले. "माझ्या मोबाईलला पासवर्डच नाही हो. टाकून द्या ना."

"काय टाकू?"

"माझी जन्मतारीख."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "सर, उद्या नववीत येऊन बसा. पहिल्या बाकावर."