ज्यांना मदत करायची आहे त्यांनी चिखलात उतरा

मागच्या रविवारी मौद्याच्या पुढे एका नाल्यात आमची पिकअप रुतली. बाजूलाच नाला ओलांडायला सिमेंटचा रपटा होता... चांगला रुंद, कोरडा. पण रपट्यावरून गेलो असतो, तर गाडीला एवढं सामान लावलं कशासाठी?

गेलं वर्षभर मनीषनगरच्या आमच्या पार्किंगमध्ये नवऱ्याने त्या पिकअपला जेवढं नटवलंय, तेवढं लग्नात मला कुणी नटवलं नव्हतं. खोल खाचांचे जाड टायर, पुढे लोखंडी बंपर, आणि पाण्यात इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून बॉनेटच्या बाजूने छतापर्यंत गेलेली काळी नळी. ती बघून खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं होतं, "आत चूल बसवली का वं?"

सगळ्यात लाडकी मात्र विंच. बंपरमध्ये बसवलेली मोटर आणि तिच्यावर गुंडाळलेली पोलादी दोरी. दोरी झाडाला अडकवायची, मोटर सुरू करायची, की गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते... ऐकायला सोपं आहे.

आधी टायरमधली हवा कमी करून झाली. मग चाकांखाली खास त्यासाठीच घेतलेल्या प्लास्टिकच्या फळ्या घातल्या. काळ्या मातीने फळ्याही गिळल्या. वर गाडी हळूहळू मागे, खोल पाण्याकडे घसरायला लागली...

शेवटी नवऱ्याने समोरच्या काठावरच्या चिंचेला रुंद पट्टा बांधून त्यात दोरी अडकवली. दोरीवर माझी सोलापुरी चादर भिजवून टाकली. म्हणाला, "दोरी तुटली तर चाबकासारखी येते. चादरीच्या वजनाने जोर कमी होतो, पण भरवसा नाही. जवळ एकही माणूस नको. कुणाचा तरी पाय जाईल." एवढं बोलून तो रिमोट घेऊन गाडीत बसला. माणसं आवरायचं काम माझं.

आणि माणसं तर केव्हाचीच जमली होती. रस्त्यावरची प्रत्येक मोटरसायकल थांबत होती.

"रपटा तं होता ना बाजूले!"
"भाऊले दिसला नसन."
"दिसला गा... पर मंग व्हिडिओ कसा निघन?"

विंच कुरकुरली. दोरी चिखलातून उठली आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर ताठ झाली. त्याबरोबर सगळी गर्दी, हातात मोबाईल धरून, दोरीकडेच सरकली.

मी हात वर केला, नवऱ्याने विंच थांबवली. पण विंच थांबली म्हणून ताण जात नाही. दोरी सैल सोडावी, तर गाडी पाण्यात जाणार... मी विनंती केली, मग ओरडले, मग पाय तुटण्याचं वर्णन केलं. लोक एक पाऊल मागे गेले आणि दोन पुढे आले. एका भाऊंनी तर चपलेने दोरी दाबून पाहिली. "लय टाईट हाये बे!"

पण लोकांवर तिरकस लिहीत इतकी वर्षं काढली, ती कधीतरी उपयोगी पडणारच. मी मोठ्याने म्हटलं, "बरं, ज्यांना मदत करायची आहे त्यांनी चपला काढा आणि गाडी ढकलायला चिखलात उतरा!"

काय सांगू... पाहता पाहता मैदान साफ. कुणाला फोन आला, कुणाला म्हशी आठवल्या. चपलेवाले भाऊ कंबर धरून थेट रपट्यावर जाऊन उभे राहिले. मी स्वतःवर जाम खूश झाले आणि नवऱ्याला खूण केली. विंच पुन्हा सुरू झाली.

तेवढ्यात दोरीच्या पलीकडून आवाज आला, "थांब वं बाई, मी येतो!"

माझ्याच वयाच्या एक बाई. नुकत्याच ऑटोतून उतरलेल्या, त्यामुळे आधीचा एकही इशारा त्यांनी ऐकलेला नव्हता. ऐकलं होतं ते फक्त माझं शेवटचं वाक्य. त्यांनी पिशवी खाली ठेवली, लुगडं खोचलं, चपला हातात घेतल्या आणि सरळ गाडीकडे निघाल्या. मध्ये ती दोरी...

मी जिवाच्या आकांताने ओरडले. इंजिनाच्या आवाजात त्यांना वाटलं, मी बोलावतेय. त्या भराभर यायला लागल्या. दोरी ओलांडायला त्यांनी पाय उचलला, तोवर मी दोरीवरून उडी मारून पलीकडे गेले होते. अक्कल असणारं माणूस असं करत नाही. मी त्यांना कवेत धरून मागे लोटलं आणि आम्ही दोघी चिखलात आडव्या झालो.

"पाडलं काहून वं मले? मदतीलेच तं आली होती ना मी!"

मी उत्तर देणार, तेवढ्यात गाडी झटक्याने मागे घसरली आणि फाडकन आवाज आला. चादरीसकट दोरी खाली कोसळली. पण तिचं एक टोक फिरून आलं, आणि त्या बाई उभ्या होत्या तिथला चिखल कापत गेलं.

गाडी मागची चाकं पाण्यात घालून तिथेच रुतून थांबली. नवरा गाडीतून उतरला, तो पांढराफटक.

बाईंनी चिखलातल्या त्या चरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. मला वाटलं आता रडतील, नाहीतर मला चार शिव्या घालतील. त्या उठल्या, हात लुगड्याला पुसले आणि म्हणाल्या, "आता तं ढकलाचं ना?" आणि गेल्या की हो गाडीमागे...

मग मात्र रपट्यावरून एकेक जण उतरला. सगळ्यात पुढे ते चपलेवाले भाऊ. त्यांनी फळ्या उकरून पुन्हा चाकांखाली घातल्या, वीस-पंचवीस खांदे लागले, आणि पिकअप काठावर आली.

गर्दी पळावी म्हणून मी मदत मागितली होती. मदत मागितली की कुणीतरी खरंच येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

निघताना हात जोडून मी त्या बाईंची माफी मागितली. त्यांना वाटलं, पाडल्याबद्दल मागतेय.