मेहुण्याची लस

धाकटी बहीण चार वर्षांनी परदेशातून नवरा आणि सात वर्षांच्या लेकीला घेऊन मुलुंडला आमच्याकडे आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, पाणी उकळूनच दे हं. आणि बाहेरचं काही नको."

मला लागलंच. फिल्टर आहे की घरात! निघण्याआधी लेकीला हिपॅटायटिस एची लस दिली, असंही तिनं सांगितलं. तिला स्वतःला शाळेत असताना ही कावीळ होऊन गेली होती. नवरा मात्र तिकडेच जन्मलेला, आणि कामाच्या गडबडीत त्याची लस राहूनच गेली होती. "मला काय होतंय," म्हणून तो हसला.

मी हौसेनं रांधलं. काकडीची कोशिंबीर हातानं कालवून मेहुण्याला आग्रहानं दोनदा वाढली.

सहाव्या दिवशी मला ताप भरला. फोडणीच्या वासानंही उलटी व्हायची. पित्त असेल म्हणून मी अंगावर काढलं. आणखी दोन दिवसांनी सकाळी बहीण चहा घेऊन आली आणि कप तसाच खाली ठेवून म्हणाली, "ताई, वर बघ. डोळे पिवळे झालेत तुझे."

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस ए. कुठून आला, ऑफिसखालच्या ज्यूसमधून की कापलेल्या फळांतून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, "डोळे पिवळे व्हायच्या आधीच हा दुसऱ्याला लागतो. घरात कोण कोण आहे?"

बहिणीनं माझ्याकडे वळून विचारलं, "कोशिंबीर कालवताना हात साबणानं धुतले होतेस?"

मी रिपोर्टची घडी घालू लागले.

"बोल ना गं!"

"आठवत नाही."

"संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस दिली तर बहुतेक वाचतो माणूस," डॉक्टर म्हणाले. "पण आता थांबू नका."

मोठ्यांची लस जवळपासच्या एकाही केमिस्टकडे नव्हती. दहा-बारा फोन केल्यावर घाटकोपरला मिळाली. बहीण रिक्षानं गेली आणि बर्फाच्या पिशवीत घालून घेऊन आली. मेहुण्याला आणि माझ्या नवऱ्याला त्याच संध्याकाळी टोचली.

पाच दिवसांनी ते परत गेले. मी आतल्या खोलीत, ताट-वाटी वेगळी. ती दारातूनच "येते" म्हणाली.

सात आठवडे लक्ष ठेवायचं होतं. मी रोज फोन करून विचारायचे, "त्याचे डोळे बघितलेस?" तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "ताप आलाय त्याला." तपासणीचा निकाल यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत ती माझा फोन उचलत नव्हती, नुसतं 'अजून नाही' लिहायची. साधा फ्लू निघाला.

मुदत संपली तेव्हा फोन तिनंच केला. "ठणठणीत आहे तो."

मला रडू फुटलं. "माझ्यामुळे गं सगळं..."

"पुरे ना आता," ती म्हणाली. "आज काय जेवलीस, ते सांग."

"मऊ भात. आणि थोडं वरण."

"पोटभर?"

"हो," मी म्हटलं. बऱ्याच दिवसांनी ते खरं होतं.