आधी जेव, मगे सांग

तब्येत सांभाळायचं आमच्या भावोजींइतकं वेड असलेला माणूस वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो कधीतरी त्यांच्याच घरी पाहुणा म्हणून राहून गेलेला असणार. भावोजी म्हणजे माझे थोरले दीर. एकटा जीव. तारकर्लीला माडांच्या बागेत त्यांचं घर आणि घराला लागून पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. लोक तिथे समुद्र बघायला, सुरमई खायला आणि उशिरापर्यंत लोळायला येतात. त्यातलं लोळणं काही त्यांच्या नशिबी नसतं. उजाडायच्या आत भावोजी दार वाजवतात, सगळ्यांना ओल्या वाळूवर अनवाणी चालवतात आणि परत आल्यावर पाण्याचा तांब्या समोर ठेवून "बसान पी, घोटाघोटान," असं बजावतात. दिवेलागणीला जेवण, आणि तेव्हापासून सगळे फोन ओसरीवरच्या बांबूच्या रोवळीत. पुण्याच्या एका साहेबांनी तक्रार केली की आम्ही इथे आरामाला आलोय. भावोजी म्हणाले, "आराम म्हंजे लोळणां न्हय. आणि उशाक फोन घेवन निजणां म्हंजे उशाक फुरसां घेवन निजणां." फुरसं हा विषारी साप असतो हे कळल्यावर साहेबांनी फोन रात्रभर रोवळीतच राहू दिला. पुढच्या वर्षी ते सासूसासऱ्यांनाही घेऊन आले.

मनाचे नेम तर शरीराच्या नेमांहून कडक. रोज एका तरी माणसाशी बिनकामाचं बोलायचं, हा त्यातला एक. त्यासाठी ते एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसतात. जायचं कुठेच नसतं. दुसरा नेम म्हणजे भांडायचं ते चहा पिऊन. शेजारच्या ख्रिश्चन मास्तरांशी हद्दीवरच्या एका माडावरून त्यांचा जुना वाद आहे. मास्तर तावातावाने आले की भावोजी आधी चहा टाकतात. चहा होईपर्यंत मास्तरांचा निम्मा राग उतरतो, आणि उरलेल्या रागात काही दम नसतो. हा वाद अजून मिटलेला नाही. मला वाटतं दोघांनाही तो मिटवायचा नाही, कारण मग चहाला यायला निमित्त काय?

पण सगळ्यांत विचित्र नेम होता तो वाईट बातमीचा. उपाशी पोटी वाईट बातमी ऐकायची नाही, आणि सांगणाऱ्यानेही उपाशी पोटी सांगायची नाही. एकदा हेच मास्तर धापा टाकत आले. त्यांचा चेहरा बघूनच भावोजींनी हात वर केला, "आधी जेव, मगे सांग," आणि त्यांच्यापुढे आंबोळ्या ठेवून स्वतःही बसले. मास्तरांनी बिचाऱ्यांनी घास कोंबत कोंबत पान संपवलं आणि मग बोंब ठोकली, "अरे, तुजी होडी सुटान खाडयेत व्हावत गेली!" तोवर होडी पार पलीकडच्या काठाला लागली होती. ती आणायला अख्खी दुपार गेली. लोक हसले, पण भावोजींचा हेका तोच. "उपाशी धावलंय असतंय तर होडी गावली असती, मी गावलंय नसतंय."

आमचे हे म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. मालवणात राहूनही यांनी थोरल्याचे सगळे नेम इमानाने पाळले. पहाटेचं चालणं, वेळेवर जेवण, सुपारीचं खांड नाही की तंबाखूची चिमूट नाही. आणि नेमके हेच आजारी पडले. तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा मी डॉक्टरांकडून थेट तारकर्लीला गेले. यांना कसं सांगायचं तेच मला कळत नव्हतं. भावोजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन पेज वाढून आणली.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भावोजी, माझो जीव थाऱ्यार नाय, आणि तुमी पेज काय वाढतात!"

"खा गो बाय," ते खाली मान घालून म्हणाले. "आवशीची खबर इली तेवा मी सकाळपासून उपाशी होतंय. खळ्यातच चक्कर येवन पडलंय. शुद्धीर येयसर आवशीक न्हेल्यानी. थोरलो मी, पण आग दिल्यान धाकट्यान. पोर होतो तो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंना अग्नी आपण दिला हे यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी पेज खाल्ली. त्यांनीही खाल्ली. मग मी सांगितलं. माझी रिकामी वाटी आपल्या वाटीत ठेवत ते म्हणाले, "तो तर माझ्यापेक्षा नेमान ऱ्हवलो गो." मला त्या क्षणी त्यांच्या सगळ्या नेमांचा संताप आला. तांब्याभर पाण्याचा, ओल्या वाळूचा, सगळ्यांचा. मी विचारलंसुद्धा, मग ह्या सगळ्याचा उपयोग काय? दुसऱ्या दिवसापासून मात्र ते रोज सकाळी मालवणला येऊ लागले. भावाला धरून अंगणात उन्हाला बसवायचे, घोटाघोटाने पाणी पाजायचे आणि थांब्यावर कोण भेटलं ते सांगायचे. यांना हसू यायचं. आजार हटला नाही, पण ते दिवस आजाराचे म्हणून मला आठवत नाहीत. त्या उन्हाचेच आठवतात.

हे गेले ते दुपारचे. भावोजी त्या दिवशी माडांना पाणी लावायचं म्हणून लवकर परतले होते. आता त्यांना कळवणं माझ्याशिवाय कुणाचं काम नव्हतं. मी फोन लावला आणि तोंडातून शब्द निघाले, "भावोजी, जेवलात?"

मी असं कधी विचारत नसे. थोरल्या दिराला फोन करून जेवलात का विचारायची आमच्यात रीत नाही.

"नाय गो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "वाढून घेतंय. फोन ठेव नको."

मी फोन कानाला धरून बसले. ताट ठेवल्याचा आवाज आला. मग खूप वेळ ते जेवत होते. एकदा ठसका लागला, पाणी प्याले, पुन्हा जेवू लागले. मी डोळे पुसत होते, पण आवाज होऊ दिला नाही. ताट सारल्याचं ऐकू आलं, चूळ भरल्याचं ऐकू आलं.

"हां," ते म्हणाले. "सांग आता."

मला सांगता आलं नाही, आणि तशी गरजही उरली नव्हती. ते आले. बरोबर मास्तर होते. घरापासून मसणवटीपर्यंत भावोजींनी खांदा बदलू दिला नाही, असं मास्तरांनीच मला नंतर सांगितलं. लोक पुढे व्हायचे तशी ते मान हलवायचे. त्यांचे पाय कुठे डगमगले नाहीत.

परत आल्यावर आंघोळ करून ते पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे मोठमोठ्याने रडू लागले. माणसं चपापली. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी "पुरे आता" म्हणालं. सून म्हणून घरात आल्यापासून मी त्यांच्यासमोर कधी खुर्चीवरही बसले नव्हते. त्या संध्याकाळी मी त्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले, आणि सगळ्यांना म्हटलं, त्यांना रडू द्या.